समुद्र नसलेल्या गावात नौदलाच्या आठवणींचे पुस्तक : सोलापुरातील एका अक्षरजुळणी दुकानाचा अनुभव

नवी पेठेच्या मागच्या बाजूला एका अरुंद बोळात, जिन्याखालच्या दोन खोल्यांत हे दुकान आहे. दर्शनी भागात लग्नपत्रिकांचे नमुने, महाविद्यालयीन मुलांचे प्रकल्प आणि वास्तुशांतीच्या निमंत्रणांचे गठ्ठे दिसतात. आत पुस्तके तयार होतात हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. मालकीणबाई गेली काही वर्षे एक वेगळे काम करतात. ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, त्या ऐकून उतरवायच्या, सांगणाऱ्याकडून तपासून घ्यायच्या आणि छापून, बांधून पुस्तकाच्या रूपात हाती द्यायच्या, असे ते काम आहे. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण हातातली कामे पूर्ण होईपर्यंत नवी गर्दी नको अशी त्यांनीच विनंती केली आहे. आम्ही सात माजी नौसैनिकांनी त्यांच्याकडून आमच्या प्रशिक्षणकाळाच्या आठवणींचे पुस्तक करून घेतले, आणि त्या कामाचा बरावाईट अनुभव अशाच विचारात असलेल्या इतर कुटुंबांना उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे.

सोलापूर आणि नौदल हे शब्द एका वाक्यात आले की लोकांना नवल वाटते. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने सुमारे ४५५ किलोमीटरवर आहे, आणि आमच्या लहानपणी पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव किंवा मळ्यातली विहीर. तरीही या जिल्ह्यातली मुले नौदलात गेली, पंधरा-वीस वर्षे नोकरी करून परत आली आणि पुढे बँकेत, गिरणीच्या गेटवर, शाळेत दुसरी नोकरी धरून येथेच राहिली. दरवर्षी ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनी, आम्ही सकाळी एकत्र जमतो. पूर्वी आम्ही नऊ जण होतो, आता सात आहोत. जे दोघे गेले, त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नव्हत्या. त्यांच्या मुलांना वडील नौदलात होते एवढेच ठाऊक आहे. हे पुस्तक करण्यामागे दुसरे कोणतेही कारण नव्हते.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे चीफसाहेब म्हणतो, ते १९६४ साली विशाखापट्टणमच्या बॉईज ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंटमध्ये सोळाव्या वर्षी दाखल झाले. बाकी आम्ही सहा जण ओडिशातल्या आयएनएस चिल्काचे. १९८० साली कार्यान्वित झालेले हे केंद्र खोर्धा जिल्ह्यात चिलिका सरोवराच्या काठी आहे, आणि आजही नौदलात नौसैनिक म्हणून भरती होणाऱ्या मुलामुलींचे पहिले पाऊल तेथेच पडते. पूर्ण नोकरीचा इतिहास लिहायचा नाही, फक्त प्रशिक्षणाचे महिने सांगायचे, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. जहाजांवरच्या नोकरीत प्रत्येकाची वाट वेगळी झाली. कोणी इंजिनरूममध्ये गेला, कोणी सिग्नलमध्ये, कोणी स्वयंपाकघरात. पहाटेच्या अंधारात शिट्टी ऐकून उठणारी ती अठरा वर्षांची मुले मात्र सगळ्यांच्या आठवणीत सारखीच आहेत.

या दुकानाकडे वळण्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी काम दिले होते, हे सांगणे आवश्यक वाटते. तेथल्या लेखकाने आमच्याशी दोन तास बोलून वीस पाने लिहून आणली. भाषा शुद्ध होती, वाक्ये डौलदार होती, आणि प्रत्येक पानावर मातृभूमी, रक्ताचा थेंब आणि सागराला घातलेली साद होती. आमच्यापैकी एकानेही असे काही सांगितले नव्हते. पहिल्या आठवड्यात टाचेला फोड आले आणि रात्री मोजा सोलून काढताना डोळ्यांत पाणी आले, असे मी सांगितले होते. त्याचे ‘खडतर साधनेने पोलादी बनलेली पावले’ झाले होते. चीफसाहेबांनी ती पाने वाचून शांतपणे बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘हा मुलगा चांगला लिहितो, पण हा मी नाही.’ पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. आपण बोललो ते कोणी ऐकलेच नाही, याचे वाईट वाटले.

या पार्श्वभूमीवर मालकीणबाईंची पद्धत पाहून मला पहिल्याच बैठकीत धीर आला. त्यांनी ‘तुम्हाला नौदलात का जावेसे वाटले’ असा प्रश्न विचारलाच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘काका, सकाळी उठल्यावर तुमच्या हातांनी सर्वांत आधी काय केलं?’ मी जरा थांबलो, आणि मग हातच बोलू लागले. अंथरुणाची घडी, चादरीच्या कडा गादीखाली कशा दाबायच्या, बूट पॉलिश करताना बोटाला गुंडाळलेल्या कापडाने पाण्याचा थेंब घेऊन लहान लहान गोल कसे फिरवायचे, टोपीची रिबन कशी बांधायची. किट मस्टरचा विषय निघाला तेव्हा मी उठून पलंगावर माझे शर्ट आणि टॉवेल मांडून दाखवले. किट मस्टर म्हणजे आपल्याला मिळालेली प्रत्येक वस्तू, मोज्यांपासून दाढीच्या ब्रशपर्यंत, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या रुंदीच्या घडीत पलंगावर मांडून तपासणीला उभे राहणे. एक घडी बोटभर बाहेर आली तरी संपूर्ण मांडणी उधळली जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पस्तीस-चाळीस वर्षे झाली, तरी घरातला सोलापुरी टॉवेल मी आजही त्याच रुंदीत घडी करतो, हे माझ्या पत्नीने बाजूच्या खोलीतून सांगितले, आणि ते वाक्यही पुस्तकात तिच्या नावावर आले आहे.

घरातल्या माणसांचे बोलणे वगळायचे नाही, हा या सेवेचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. माझ्या प्रकरणातला सर्वांत चांगला भाग तर मी सांगितलेलाच नाही, तो माझ्या थोरल्या बहिणीने सांगितला. १९८६ साली मुंबईत निवड झाल्यावर आमची तुकडी रेल्वेने ओडिशाकडे निघाली, आणि ती गाडी सोलापूरवरून जाणार होती. मी तसे पोस्टकार्ड घरी टाकले होते. फलाटावर गाडी थांबली तेव्हा आई प्रत्येक डब्याच्या खिडकीतून माझे नाव घेत पळत होती. तिच्या एका हातात शेंगाचटणीचा पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातात धोतराच्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या होत्या. मला आठवत होते ते एवढेच की डबा हातात आला आणि गाडी सुटली. गाडी गेल्यावर आई फलाटावरच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिली आणि मग एकदम उठून ‘चल, पाणी यायची वेळ झाली’ म्हणाली, हे बहिणीने सांगितले. मला ते अडतीस वर्षांनी, या मुलाखतीत कळले. भाकऱ्या विजयवाडा येण्याआधी संपल्या. बारा मुलांनी त्या खाल्ल्या, त्यात पंजाबचे दोघे आणि केरळचा एक होता. डबा मात्र मी चिल्कामध्ये बुटांचे ब्रश ठेवायला वापरला आणि तो आजही माझ्याकडे आहे. मालकीणबाईंनी तो पाहायला मागितला, झाकण उघडून आत पाहिले, आणि त्याचे छायाचित्र पुस्तकात घ्यायचे असे लगेच ठरवले.

चिल्कामधल्या दिवसाचे वर्णन पुस्तकात सहा वेगवेगळ्या तोंडांतून येते आणि त्यामुळे थोडी पुनरुक्ती झाली आहे, पण ती कापू नये असेच माझे मत पडले. पहाटेचा पाइप म्हणजे उठण्याचा हुकूम, अंधारात पीटी, आठ वाजता कलर्स म्हणजे ध्वज चढवण्याचा विधी, परेड ग्राउंडवर ‘तेज चल’ आणि ‘थम’, दुपारचे वर्ग, संध्याकाळचे खेळ, रात्रीचे राऊंड्स म्हणजे तपासणीची फेरी आणि दिवे मालवण्याचा पाइप डाउन, हा क्रम सगळ्यांना सारखाच आठवतो. प्रत्येकाला धाक वाटलेली गोष्ट मात्र निराळी आहे. एकाला कवायत घेणाऱ्या गनरी इन्स्ट्रक्टरचा आवाज, एकाला रायफल डोक्यावर धरून मैदानाला मारलेल्या फेऱ्या, आणि आमच्यापैकी चौघांना पोहण्याचा तलाव. दुष्काळी भागातल्या मुलाला पोहणे येत असले तर ते विहिरीतले, म्हणजे कडेच्या दगडाला हात लागेल अशा अंतरातले. तळ न दिसणाऱ्या, काठ लांब असलेल्या पाण्यात उंच फळीवरून उडी मारायची, हे त्याला पहिल्यांदा चिल्कामध्येच करावे लागते. मोहोळकडच्या आमच्या एका मित्राने सांगितले की त्याने फळीवर उभे राहून डोळे मिटले आणि गावच्या विहिरीच्या पायऱ्या मोजल्या, सोळा झाल्यावर उडी मारली. ‘मी पोहू शकत नाही’ असे तोवर त्याच्या नावापुढे लिहिलेले होते. ते खोडले गेले त्या दिवसाची तारीख त्याला लग्नाच्या तारखेसारखी पाठ आहे.

बोट-पुलिंगचा, म्हणजे होडी वल्हवण्याचा, भाग याहून अधिक विस्ताराने यायला हवा होता, असे मला वाटते. सत्तावीस फुटी व्हेलर ही पाच वल्ह्यांची होडी असते, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. त्यामुळे पाचही जणांची ताल आणि ताकद बरोबर बसल्याशिवाय ती सरळ जात नाही. ‘गिव्ह वे टुगेदर’ हा हुकूम आला की पाच पाठी एकाच वेळी मागे झुकल्या पाहिजेत. पहिल्या आठवड्यात तळहाताची कातडी निघते, तिसऱ्या आठवड्यात तेथे घट्टे येतात. हिवाळ्यात सरोवरावर परदेशातून पाखरे येतात आणि आमची होडी जवळ गेली की त्यांचा थवा पाण्यावरून एकदम उठे, हे दृश्य तिघांनी सांगितले आहे. आमच्याकडच्या हिप्परगा तलावावरही थंडीत स्थलांतरित पक्षी येतात, आणि मी तेथे गेलो की मला अजूनही होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा वास येतो.

या पुस्तकातले ज्याला मी रत्न म्हणेन असे प्रकरण पूर्व भागातल्या आमच्या एका सहकाऱ्याचे आहे. त्याचे घराणे पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर कामाला. चिल्कामध्ये आंध्रच्या मुलांशी त्याची लगेच मैत्री झाली ती भाषेमुळे, आणि सीमनशिपच्या, म्हणजे खलाशीकामाच्या, वर्गात तो पहिला आला तो मागामुळे. गाठींचा वर्ग सुरू होता. रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाइन झाल्यावर प्रशिक्षकांनी दोन दोर जोडण्याची शीट बेंड नावाची गाठ दाखवली, आणि हा मुलगा पहिल्या वेळी, न चुकता, डोळे वर ठेवून ती मारून मोकळा झाला. प्रशिक्षकांना वाटले की तो आधी कोठे तरी शिकून आला आहे. तसा तो शिकून आलाच होता. मागावर ताण्याचा धागा तुटला की तो सांधायला विणकर जी बारीक गाठ मारतात, तिची रचना आणि शीट बेंडची रचना एकच आहे. जाड दोरात ती शीट बेंड असते आणि सुतात विणकराची गाठ. वडिलांच्या शेजारी उभे राहून त्याने लहानपणी अशा हजारो गाठी मारल्या होत्या. ‘समुद्र कधी पाहिला नव्हता, पण समुद्रावरची एक गाठ आमच्या घरात होती,’ हे त्याचे वाक्य मालकीणबाईंनी प्रकरणाचे शीर्षक म्हणून घेतले आहे.

याच प्रकरणात दुकानाकडून एक महत्त्वाची चूक झाली आणि ती कशी सुधारली गेली हे मुद्दाम सांगतो. गाठीची आकृती मालकीणबाईंच्या भाचीने काढली होती. रेखाटन देखणे होते, पण त्यात दोन्ही दोरांची मोकळी टोके विरुद्ध बाजूंना आली होती. गाठ तशीही बसते, मात्र ती कमी भरवशाची असते आणि दोर हलता राहिला तर सैल पडते; दोन्ही मोकळी टोके एकाच बाजूला यावी लागतात. आमच्या मित्राने प्रूफ पाहताच ते ओळखले. दुसऱ्या दिवशी तो घरून सुतळीचे दोन तुकडे घेऊन दुकानात गेला, त्या मुलीच्या हातून दहा-बारा वेळा गाठ मारून घेतली आणि मग तिने आकृती पुन्हा काढली. त्या जादा कामाचे पैसे दुकानाने लावले नाहीत. छापलेल्या आकृतीवरून माझ्या नातवाने गाठ मारून पाहिली, ती बरोबर बसली.

अक्षरजुळणीतल्या चुका मात्र पहिल्या प्रूफात बऱ्याच होत्या आणि त्या एका ठरावीक प्रकारच्या होत्या. नौदलाची बोली टंकलेखकाच्या कानाला नवी, त्यामुळे त्याने अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवला. ‘गॅली’, म्हणजे स्वयंपाकघर, सगळीकडे ‘गल्ली’ झाले होते, आणि त्यामुळे आम्ही पहाटे गल्लीत रांगेत उभे राहून चहा घेत होतो असे वाचायला मिळाले. ‘पाइप’ म्हणजे शिट्टीवरून किंवा ध्वनिक्षेपकावरून दिला जाणारा हुकूम. तेथे ‘नळ’ आले होते. ‘लिबर्टी’, म्हणजे बाहेर जाण्याची सुटी, ‘स्वातंत्र्य’ होऊन बसली होती. मी तक्रार केल्यावर मालकीणबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी आमच्याकडून सुमारे नव्वद शब्दांची यादी अर्थासह लिहून घेतली, संपूर्ण मजकूर ध्वनिमुद्रणाशी पुन्हा ताडून पाहिला, आणि तीच यादी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ म्हणून छापली. ज्यांना हे काम करून घ्यायचे असेल, मग ते रेल्वेतले असोत, गिरणीतले असोत की पोलिसातले, त्यांनी आपल्या धंद्यातल्या शब्दांची यादी ध्वनिमुद्रणाच्या आधीच द्यावी. आमचे त्यामुळे पाच आठवडे वाचले असते.

एका बाबतीत मालकीणबाईंचे आणि माझे मतभेद झाले. नौसैनिकाच्या निळ्या कॉलरवर तीन पांढऱ्या रेघा असतात, आणि त्या ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या तीन विजयांच्या खुणा आहेत असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले गेले होते. पुस्तकात ते सांगणाऱ्याच्या तोंडून आले आहे. माझे म्हणणे असे होते की ही केवळ दंतकथा आहे. ब्रिटिश नौदलाने खलाशांचा गणवेश प्रथम १८५७ साली ठरवला, नेल्सन १८०५ मध्येच मरण पावला होता, आणि रेघांचा त्याच्याशी संबंध असल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. म्हणून ते वाक्य काढावे. मालकीणबाईंचे म्हणणे होते की त्या मुलाला ते सांगितले गेले आणि त्याने ते मनापासून मानले, ही आठवण तर खरी आहे. शेवटी वाक्य ठेवले आणि त्याच पानाच्या तळाशी दोन ओळींत खुलासा दिला. आता छापलेले पान पाहून मला त्यांचे बरोबर होते असे वाटते.

चीफसाहेबांच्या प्रकरणाविषयी मला जपून लिहिले पाहिजे. विशाखापट्टणमला त्यांच्या शेजारच्या पलंगावर असलेला मुलगा पुढे आयएनएस खुखरीवर होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने खुखरी बुडाली, आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्या जहाजाचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चीफसाहेब मुलाखतीत त्या रात्रीविषयी बोलले नाहीत. ते बोलले त्या मुलाच्या शिवणकामाविषयी. प्रत्येक कपड्यावर आपले नाव आणि क्रमांक घालावा लागे. चीफसाहेबांना ते नीट जमत नसे आणि तो मुलगा आपले झाल्यावर त्यांचेही करून देई. एवढे सांगून ते थांबले. मालकीणबाईंनी रेकॉर्डर बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्या दिवशी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या बैठकीत चीफसाहेबांनी आपण होऊन त्या मुलाचे गाव, त्याची बोलण्याची लकब, त्याला आवडणारे गोड पदार्थ हे सगळे सांगितले. पुस्तकात ते प्रकरण अवघ्या पाच पानांचे आहे, आणि त्यात एकही विशेषण जादा नाही. ध्वनिमुद्रणाचे दर तासावर असताना त्या दिवशीच्या उरलेल्या वेळेचे पैसे त्यांनी धरले नव्हते, हे मला नंतर हिशेब पाहताना समजले.

आता छपाईविषयी. पुस्तक डेमी आकारात, १८४ पानांचे म्हणजे सोळा पानांच्या साडेअकरा फर्म्यांचे झाले. कागद सत्तर जीएसएमचा आहे, अक्षर मोठे आहे, ओळींत अंतर पुरेसे आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चष्मा सारखा वरखाली न करता वाचता येते. बांधणीवर मात्र मी समाधानी नाही. आम्ही जुजबंदी, म्हणजे शिवलेली बांधणी, मागितली होती. खर्च वाढेल म्हणून चिकटवलेल्या बांधणीचा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मानला. पुस्तक पूर्ण उघडले की कणा कडकडतो, आणि आतल्या बाजूचा समास कमी ठेवल्याने ओळींचे शेवटचे अक्षर घडीत जाते. माझ्या प्रतीची दोन पाने तीन महिन्यांत सुटली. ती दुकानाने विनामूल्य पुन्हा लावून दिली, पण पुढच्या पिढीसाठी ठेवायच्या पुस्तकाला शिवलेलीच बांधणी हवी. जो कोणी काम देईल त्याने येथे काटकसर करू नये.

छायाचित्रे हा दुसरा कमकुवत भाग आहे. जुनी कृष्णधवल छायाचित्रे चांगली उतरली आहेत, विशेषतः पासिंग आउट परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपल्याच्या संचलनाच्या, दिवशी काढलेला आमच्या तुकडीचा फोटो, ज्यात प्रत्येक चेहरा ओळखू येतो. नव्याने काढलेली छायाचित्रे मात्र साध्या कागदावर काळवंडली. आईच्या डब्याच्या छायाचित्रात झाकणावरचा पोचा दिसत नाही, आणि तो दिसावा अशी माझी फार इच्छा होती. छायाचित्रांचा एक फर्मा आर्ट पेपरवर वेगळा छापून घ्यावा, असे मी आता सुचवेन.

खर्चाचा तपशील असा. तेवीस तासांचे ध्वनिमुद्रण तासाला ४०० रुपयांप्रमाणे ९,२०० रुपये, उतरवणे व अक्षरजुळणी पानाला ६० रुपयांप्रमाणे ११,०४० रुपये, आकृत्या आणि जुन्या फोटोंचे स्कॅनिंग ३,५०० रुपये, आणि ७५ प्रतींची छपाई व बांधणी प्रतीला १९० रुपयांप्रमाणे १४,२५० रुपये. एकूण ३७,९९० रुपये झाले, म्हणजे सात जणांत प्रत्येकी साडेपाच हजारांच्या आत. एकट्याने करायचे तर हा खर्च मोठा वाटेल, पण चार-पाच जण एकत्र आले तर तो कोणत्याही निवृत्त माणसाच्या आवाक्यातला आहे. वेळ ठरल्यापेक्षा जास्त लागला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पुस्तक हाती येईल असे ठरले होते, ते मार्चअखेर आले. त्यातला निम्मा उशीर आमच्या शब्दांच्या दुरुस्त्यांमुळे झाला, निम्मा लग्नसराईच्या पत्रिकांमुळे. दिवाळीनंतर काम देणाऱ्याने हे गृहीत धरावे; जून ते सप्टेंबर या काळात दुकानाला सवड असते.

सैन्यदलांतल्या माणसांसाठी आणखी एक सूचना करावीशी वाटते. नोकरीतल्या सगळ्याच गोष्टी छापण्याजोग्या नसतात. जहाजांची यंत्रणा, तळांची मांडणी, कामगिरीचे तपशील हे बोलण्याच्या ओघात तोंडातून जाते, त्यामुळे प्रूफ वाचताना आपल्यापैकी एकाने केवळ त्याच दृष्टीने सर्व पाने तपासावीत. आम्ही असे तीन परिच्छेद काढले. दुकानाने ध्वनिमुद्रणाची मूळ फाईल आम्हाला पेनड्राइव्हवर दिली आणि स्वतःकडची प्रत आमच्यासमोर पुसली, हे मला मनापासून आवडले.

पुस्तकाच्या प्रती आम्ही नातेवाइकांना दिल्या, दोन ग्रंथालयांना दिल्या आणि आमच्यातून गेलेल्या दोघांच्या घरी एकेक प्रत नेऊन दिली. पहाटे पार्क मैदानावर भरतीसाठी धावणारी मुले असतात. त्यांच्यापैकी काहींनी ती वाचायला नेली. आता चिल्काचे प्रशिक्षण बदलले आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे सुमारे चार महिन्यांचे प्रशिक्षण संपून २८ मार्च २०२३ रोजी जी पासिंग आउट परेड झाली, तिच्यात मुलीही होत्या आणि ती सूर्यास्तानंतर झाली, असे आमच्या काळी कोणाच्या मनातही आले नसते. पार्क मैदानावर धावणाऱ्या त्या मुलांपैकी एक मुलगी परवा माझ्याकडे प्रत परत करायला आली. तिने पुस्तकात ठेवलेली खूण पोहण्याच्या तलावाच्या पानावर होती. विहिरीच्या पायऱ्या मोजणारे काका कुठे राहतात, असे तिने विचारले. मी तिला मोहोळचा पत्ता दिला.

दुसऱ्या आवृत्तीचे काम आम्ही याच दुकानाकडे दिले आहे. या वेळी बांधणी शिवलेली असेल, आतला समास पाऊण इंच असेल, आणि डब्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, झाकण पुढे करून पुन्हा काढायचे ठरले आहे.